चुकलेला डाव

अजिनाथला पोकर मी शिकवलं, इथंच माझं चुकलं. कामासाठी कन्नडला जाताना त्याच्या प्रवासी जीपमध्ये पुढं बसायचो, पोकरच्या गप्पा मारायचो, आणि एका रविवारी त्याला पडेगावला घेऊन आलो. तिथं गणिताच्या प्राध्यापक चारुताताईंच्या घरी आमचा खेळ चालतो. पैसे नाहीत, चिंचोक्यांवर. चार महिन्यांत गडी माझ्या पुढं गेला. मी सहा वर्षं पुस्तकं वाचतोय, व्हिडिओ बघतोय. आणि कौतुक कुणाचं, तर अजिनाथचं! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात पुण्याच्या स्पर्धेसाठी आमच्या टीममध्ये एकच जागा उरली होती. ती मला हवी होती. कोण जाणार, हे ताई त्या रविवारी ठरवणार होत्या.

शेवटच्या डावात अजिनाथनं सगळे चिंचोके पुढं सारले. माझ्या हातात सत्ती आणि दुर्री, म्हणजे सरळ फेकून द्यायची पानं. पण त्याचा तो शांत चेहरा बघून माझं डोकं फिरलं. मीही सगळे सारले. त्याच्याकडं दोन एक्के निघाले, सगळ्यात भारी पानं. आणि टेबलावरच्या, दोघांनाही धरता येणाऱ्या पाच पानांत दोन सत्त्या आल्या, म्हणजे माझ्या तीन झाल्या! मी जिंकलो. इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता.

चहाआधी ताईंचा एक नियम असतो. प्रत्येकानं आपला चुकलेला एक डाव सांगायचा. नशिबाला बोल लावायचा नाही.

"एक्क्यांचा डाव बराबर व्हता," अजिनाथ म्हणाला. "पण त्याच्या बऱ्याच आधी लागोपाठ दोन डाव हारलो, त्याचा राग धरून तिसरा खेळलो. तिथं चुकलं."

"शंतनू, तू?" ताईंनी विचारलं.

"आज माझं काहीच चुकलं नाही. सगळे चिंचोके माझ्याकडेच आहेत की!"

चहा गाळून झाल्यावर ताई म्हणाल्या, "पुण्याला अजिनाथ जाईल."

"अहो, पण जिंकलो मी!"

"जिंकलास. पण सत्ती-दुर्रीवर का खेळलास, ते सांगितलं नाहीस."

मी चहा तसाच टाकून बाहेर आलो. मागोमाग अजिनाथ आला. "शंतनूदादा, चला, क्रांती चौकात सोडतो," म्हणाला. हरवलं त्याला मी, पुण्याला चालला तो, आणि वर मलाच सोडायला निघाला! त्याचा चांगुलपणा मला अजिबात सहन झाला नाही.

"का खेळलो, सांगू?" मी ओरडलोच. "जळतो मी तुझ्यावर! तुला हरवायचं होतं म्हणून खेळलो. बस्स!"

त्यानं जीपचं दार उघडून धरलं.

"ते मला पहिल्या महिन्यापास्नं माहीत हाय, दादा. मी चिंचोके सारले की हातात कसलीबी पानं असू द्या, तुम्हीबी सारणारच. म्हणून तर तुमच्यापुढं मी एक्के आल्याबिगर सगळे सारतच नाय."