अकरा फ्लॉप्यांचा खेळ

गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले काका म्हणत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. बायको लवकर गेली. घरात ते आणि मुलगी चिमी, दोघंच. काका मुळातच अबोल. पण शाळेतून आल्यावर चिमी कॉम्प्युटरसमोर बसली, की तेही स्टूल ओढून शेजारी बसत. कारण तिथं त्यांना काम असे.

खेळ एका पोस्टमनचा होता. दूरच्या बेटावर दीपगृहाचा रखवालदार राहतो, त्याला एक पत्र नेऊन द्यायचं. एवढासा खेळ, पण अकरा फ्लॉप्यांवर पसरलेला. होडीत पाय ठेवला, की पडद्यावर अक्षरं उमटत : पाचवी डिस्क घाला. चिमीचे हात कीबोर्डवर गुंतलेले. काका चौथी काढून पाचवी सरकवत. मग ड्राइव्ह घरघरत बसे, आणि तेवढ्यात दोघांच्या गप्पा होत.

"पत्रात काय असेल हो, बाबा?"

"लग्नाची पत्रिका असेल."

"इतक्या लांब? पोचेपर्यंत नवरा-नवरीला नातवंडं होतील."

असं वर्षभर चाललं. चिमीच्या पंधराव्या वाढदिवसाला काकांनी हौसेनं सीडी ड्राइव्ह आणला आणि सोबत एक नवा खेळ. सगळा खेळ एका चकतीत. चिमीनं ती चकचकीत चकती बोटावर धरून फिरवली आणि बापाच्या गळ्यात पडली. संध्याकाळी काका सवयीनं स्टूल ओढून बसले. तासभर झाला, बदलायला काही नव्हतंच.

"हा कोण गं?" पडद्यावरच्या माणसाकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"बाबा, मध्ये बोललात की मी मरते."

आठवड्याभरात स्टूल परत कामाच्या टेबलापाशी गेलं. पोस्टमन अर्ध्या वाटेतच राहिला.

पुढं चिमी शिकली, नोकरीसाठी परगावी गेली. दर रविवारी न चुकता फोन करायची. काकांचं कामही कमी झालं. एक दिवस कपाट आवरताना फ्लॉप्या हाती लागल्या. जुना कॉम्प्युटर कुरकुरत का होईना, सुरू झाला. सातवी फ्लॉपी मात्र अडून बसली. काकांनी पत्र्याची झडप सरकवून पाहिलं, तर आत बुरशीचे ठिपके. आयुष्यभर दातांवर चाललेला हात तो. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांनी ती हलकेच पुसली. लागली.

आता खेळायचं त्यांनीच आणि डिस्क बदलायची त्यांनीच. होडी सोळा वेळा खडकावर फुटली. एकदा घरघर चालू असताना "बघ हं आता" असं तोंडातून निघून गेलं, आणि रिकाम्या खोलीत ते स्वतःशीच ओशाळले.

दीड महिन्यानं पोस्टमन बेटावर पोचला. रखवालदारानं पत्र उघडलं. खात्याचा हुकूम होता : दीपगृह बंद करण्यात आले आहे, आपण परत यावे. तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

काका खुदकन हसले. रविवार नसतानाही त्यांनी चिमीला फोन लावला.

"बाबा? बरे आहात ना?"

"ठणठणीत. अगं, तो पोस्टमनचा खेळ आठवतो? संपवला मी. पत्रात काय होतं माहितेय—"

"थांबा, सांगू नका! तो आता डाउनलोड होतो, दोन मिनिटांत. मी खेळणार आहे. मजा घालवू नका."

"बरं. नाही सांगत."

पुढच्या चार रविवारी चिमीनं गुडघे विचारले, जेवण विचारलं, औषधं विचारली. काकांनीही खेळाचा विषय काढला नाही. शब्द दिला होता.

मग एका सोमवारी ते कवळी पोचवायला दवाखान्यात गेले.

"काय काका, काय विशेष?" कंपाउंडरनं सहज विचारलं.

"दीपगृह केव्हाच बंद झालं होतं," काका म्हणाले.

"कुठलं?"

काकांनी डबी पुढं सरकवली. "काही नाही. खालचा डावा दात तेवढा बघून घ्या."