गादी उसवायची नाही

आमच्या ह्यांचा धंदा गाद्यांचा. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरून "तुमची गादी सरकली आहे" असं सांगितलं, तेव्हा ह्यांनी आधी वाकून खुर्चीखाली पाहिलं. वाकताना कळवळले, आणि मग तोंड वाकडं करत विचारलं, "ही खुर्ची कुठल्या दुकानातून घेतलीत?"

मला हसू आवरेना. बाई मेंदू-मणक्याच्या मोठ्या सर्जन, पण त्यांनी हसू गिळलं आणि समजावून सांगितलं. दोन मणक्यांच्या मध्ये धक्के सोसायला एक छोटी गादी असते. ह्यांच्या कमरेतल्या अशाच एका गादीतलं भरण बाहेर आलं होतं आणि डाव्या पायात जाणारी नस दाबत होतं.

"म्हणजे शिवण उसवली," हे म्हणाले.

"तसंच समजा."

"मग भरण आत ढकला नि वरून दोन टाके मारा."

"ते परत आत बसत नाही. बाहेर आलेला तुकडा काढून टाकावा लागेल."

गिऱ्हाइकाचा कापूस पळवायला सांगितल्यासारखा ह्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात बाईंनी टाचांवर चालायला लावलं. उजवा पाय ऐटीत निघाला, डाव्याचा पंजा फरशीवर फटकन आपटला.

"बरं, बसा. डाव्या पायाचा अंगठा वर करा."

"केला."

आम्ही दोघी अंगठ्याकडे बघत राहिलो. अंगठा ढिम्म.

"अजून किती वर करू?" हे वैतागून म्हणाले.

बाईंनी मग स्पष्टच सांगितलं. नस दबून पायातली ताकद चालली आहे. लवकर ऑपरेशन केलं तर ती परत यायची आशा जास्त, उशीर केला तर पंजा कायमचा लोंबकळत राहील. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर तडक इथे यायचं. हे ऐकून ह्यांचे कान लाल झाले. "बाईमाणसासमोर असलं काय विचारतात," असं रस्ताभर पुटपुटत होते. पुटपुटता पुटपुटता डाव्या पायातली चप्पल मागे राहिली, ते ह्यांना कळलंच नाही. ती मी उचलली.

घरी आल्यावर निकाल जाहीर झाला: ऑपरेशन नाही. एकदा उसवलेली गादी पुन्हा तशी बसत नाही, हे आमच्या दुकानातलं ब्रह्मवाक्य. जुनी गादी दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला हे तेच ऐकवतात आणि नवी गळ्यात मारतात. मी म्हटलं, "अहो, पाठ नवी मिळत नाही." त्यावर हे पेपरात डोकं खुपसून बसले. ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं, तरी मी बोलत होतेच.

पुढच्याच आठवड्यात ह्यांचा विजय झाला. दुखणं थांबलं. हे सगळ्या दुकानाला सांगत सुटले, "बघा, नाहीतर फुकट पाठ फाडून बसलो असतो." त्या आनंदात जमिनीवर फतकल मारून एका डबल गादीचा कोपरा शिवायला घेतला. मी चहा घेऊन गेले तर पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका, आणि तो वाढत होता. हातातून निसटलेलं दाभण ह्यांच्याच डाव्या पावलात उभं होतं, आणि हे माझ्याकडे बघून म्हणत होते, "साखर कमी घातलीस ना?"

"अहो, पाय."

ह्यांनी खाली पाहिलं. दाभण स्वतःच उपसलं. तोंडातून हूं की चूं नाही. मग त्या पावलावरून बोट फिरवलं, उजव्यावरून फिरवलं, पुन्हा डाव्यावर आले. "हा पाय माझा वाटतच नाही गं," हळूच म्हणाले. इतक्या वर्षांत ह्या माणसाला घाबरलेलं मी प्रथमच पाहत होते. 'मी सांगत नव्हते?' हे अगदी ओठांवर आलं होतं, पण आधी पदराने रक्त पुसलं.

"दुखत नाही म्हणूनच मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "उठा."

उठले. दवाखान्यात बाईंना एकच विचारलं, "टाके कोण घालणार?"

"मी."

"बारीक घाला."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर ह्यांनी मला आधी टाके बघायला लावले. सरळ रेषेत आहेत म्हटल्यावर जरा हिरमुसलेच. अंगठा मात्र तसाच ढिम्म. नस हळूहळू सावरते, कधी महिने लागतात, कधी पूर्ण सावरतही नाही, असं बाई म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

घरी व्यायाम सुरू झाले. रोज मी पाय हातात धरून "वर करा" म्हणायचे, आणि रोज हे घाम फुटेपर्यंत अंगठ्याकडे डोळे वटारायचे. काही होत नव्हतं. एका सकाळी ह्यांचा धीर सुटला. पाय माझ्या हातातून ओढून घेतला आणि माझ्यावरच तोंड सोडलं. तुझ्यामुळे पाठ फाडून घेतली, तुझी ती डॉक्टरीणबाई, तुझा तो व्यायाम, तुझी सदानकदा घाई. मी उलट उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझं लक्ष पायाकडे गेलं. प्रत्येक "तुझा"सरशी चादरीबाहेरचा डावा अंगठा वर उठत होता. इवलासा, पण उठत होता. ह्यांना पत्ताच नव्हता.

माझे डोळे भरून आले. हे वरमले. "रडतेस काय? एवढं लागलं का माझं बोलणं?"

"नाही हो," मी म्हटलं. "अजून बोला."