एकेचाळीस काचा

दिवाणखान्यात चौदा, जिन्यालगत अकरा, पश्चिमेच्या खोल्यांत सोळा. एकेचाळीस काचपट्ट्या, आणि एकीलाही तडा नाही. इंजिनिअरबाईने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आकडा तोच आला, तेव्हा बरं वाटण्याऐवजी तिला शंका आली.

आठ महिन्यांपूर्वी या ओस पडलेल्या हवेलीच्या भेगांवर तिनेच त्या पट्ट्या प्लास्टरने आडव्या चिकटवल्या होत्या. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. भिंती स्थिर ठरल्या तर इथे नर्सिंगचं कॉलेज येणार होतं, नाहीतर पाडकाम. अहवाल उद्या द्यायचा होता.

तिने जवळच्या पट्टीला जाडी मोजायचा कॅलिपर लावला. तिच्या काचा एक मिलिमीटरच्या होत्या. ही तीनची निघाली.

"काका, या काचा कुणी बदलल्या?"

मालक सोडून गेल्यापासून माळीकाका एकटेच हवेली राखत होते. ते खुशीत पुढे आले.

"मीच की! तुमच्या फारच तकलादू, बाई. आज ही तडकली, उद्या ती. मग काचघरातल्या जाड कापून बसवल्या. त्याही तुटतात म्हणा, पण तुम्ही यायच्या आत सगळं ठाकठीक!"

"अहो, तुटल्या की तशाच ठेवायच्या होत्या!"

"तशाच? तुटलेलं मालकांच्या नजरेला पडू द्यायचं नाही. चाळीस वर्षं तेच केलं मी."

तिने कॅलिपर पिशवीत कोंबला आणि पायरीवर बसकण मारली. आठ महिने पाण्यात.

"किती तुटल्या, तेही आता कोण सांगणार!"

"कोण म्हणजे?" काकांना ते लागलं. "तुटकी काच दाखवल्याशिवाय कोठीवाला नवी देत नसे. ती सवय जाते होय? एकेक तुकडा पुडीत बांधून ठेवलाय. वर खोली अन् तारीख."

ते लगबगीने टोपली घेऊन आले.

"चालेल ना हे अहवालाला? अन् कॉलेज आलं की माझी ती मागची खोली तेवढी राहू द्या म्हणावं."

तिने पुड्या फरशीवर तारखेप्रमाणे मांडायला घेतल्या. काका गुडघे टेकून एकेक पुढे करत होते.

शेवटची पुडी मांडून झाल्यावर तिने वहीत लिहिलं : पश्चिमेची भिंत. तुटलेल्या काचा, पहिल्या महिन्यात दोन, चौथ्यात पाच, आठव्यात तेरा.