एकाच खळ्यावरची दोन पोती

"यशारच्या मालात विष निघालं," असं नेजाती चहाखान्यात बसून सबंध हिवाळाभर सांगत होता. जर्मनीहून परत आलेला माल अर्ध्या गावाचा आणि साठवलेला नेजातीच्या वखारीत, पण नाव घेतलं एकट्या यशारचं. कारण यशारने त्याला चारचौघांत सुनावलं होतं, "हेझलनट प्लास्टिकच्या पोत्यांत कोंडू नकोस, ओल्या फरशीवर थप्प्या लावू नकोस. बुरशी धरेल." ते त्याला झोंबलं होतं.

मग यशारच्या बागेत वेचणीला कुणी फिरकेना आणि त्याचा माल कुणी दारात उभा करेना. माणसाने हाय खाल्ली आणि गेला. तोच नेजाती दफनाला आला, वर पहिल्या रांगेत उभा राहिला. यशारच्या बायकोने, गुलिझारने, ते विसरायचं नाही असं त्याच दिवशी ठरवलं.

यंदा तिने हेझलनट खळ्यावर खडखडीत वाळवले आणि नेजातीला बोलावणं धाडलं.

"नेजाती भाऊ, यशारची बायको म्हणून माझ्या मालाला कुणी हात लावत नाही. तुमचं सील असलं तर कुणाची बोलायची छाती होईल?"

नेजाती फुगला. ओलावा मोजायचं यंत्र त्याने स्वतः ढिगात खुपसलं. "वा वहिनी! असा कोरडा माल उभ्या गावात नाही."

"मग अर्धा माल भाव चढेपर्यंत तुमच्या वखारीत ठेवा. अर्धा माझ्या सेरेंदरात राहील. सील मात्र दोन्हीकडे मारा."

"त्या म्हाताऱ्या खोपटात? गोणपाटात? उंदरांची चंगळ आहे!" तो हसला आणि हसत हसतच सगळ्या पोत्यांना शिशाचं सील ठोकलं.

सेरेंदर म्हणजे उंच खांबांवरची लाकडी कोठी. फळ्यांच्या फटींतून तिथे सतत वारा खेळतो, आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून खांबांना लाकडी चकत्या असतात. नेजातीची वखार ओढ्याकाठची. पाऊस लागला की गुलिझार खिडकीशी बसून त्या वखारीकडे पाहायची. वर्षाची अर्धी कमाई ती तिथे जाणूनबुजून सडवत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

मार्चमध्ये तिने मुख्तारला, म्हणजे गावच्या प्रमुखाला, मध्ये घातलं. त्याने दोन्हीकडच्या एकेका पोत्याचं सील सर्वांदेखत तोडलं आणि नमुने गिरेसुन शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. सेरेंदरातला माल स्वच्छ निघाला. वखारीतल्या मालात बुरशीचं विष.

त्या दुपारी गुलिझार चहाखान्यात शिरली. तिथे बायका जात नाहीत. फाशांचा खेळ थांबला. नेजातीसमोर तिने वखारीतल्या हेझलनटची ताटली आदळली. दिसायला दाणे अगदी देखणे होते.

"खा."

"वहिनी, तुम्ही ओलाच माल आणला असणार..."

"यंत्र कुणी खुपसलं होतं रे? सील कुणाचं? एकच खळं, एकच दिवस. माझ्याकडचा चांगला राहिला, तुझ्याकडचा नासला. आणि माल चांगला असेल तर खा की! का पोटात दुखतंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. नेजातीचा हात ताटलीकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. सगळ्यांनी पाहिलं.

"आता म्हण. यशारचा माल चांगला होता, वखार माझी नासकी."

तो पुटपुटला.

"मोठ्याने! तेव्हा कसा गरजत होतास?"

"यशारचा माल चांगला होता," नेजाती ओरडला. त्याचे कान लाल झाले होते. "माझी वखार नासकी."

मुख्तार उठला. "झालं ना वहिनी? म्हणाला तो. आता सोडा."

"झालं कसं? हा माझ्या नवऱ्याचं नाव सबंध हिवाळाभर रोज घेत होता." तिने खुर्ची ओढली आणि नेजातीसमोर बसली. "उद्या याच वेळेला येते, नेजाती. परवाही येईन. ताटली इथेच राहू दे."

मग तिने चहावाल्याकडे मान वळवली.

"मला एक चहा. याच्या नावावर."