कोरडा अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड, निळा अंगरखा आहे. आगीखाली उभं राहता यावं म्हणून मला शिवलं, आणि मी निघालो जन्माचा भित्रा. हसू आलं तर हसा. पण एका संध्याकाळी मी जे भ्यालो, ते अजून माझ्या अस्तरातून गेलेलं नाही.

मित्सुएने मला शिवलं तेव्हा ती नवी नवरी होती. नवऱ्याच्या, म्हणजे तोकुजीच्या जुन्या कपड्यांचे चार थर एकावर एक ठेवून तिने गोधडीला घालतात तसे दाट टाके घातले. बोटं सोलवटली बिचारीची. त्या वर्षी तोकुजीला पहिल्यांदा खांबाचा दोर धरायचा मान मिळाला होता. भर उन्हाळ्यात पितर घरी येतात, चार दिवस राहतात आणि परत निघतात. त्यांना वाट दिसावी म्हणून आमचं जपानातलं गाव नदीकाठच्या मैदानात ताडाएवढा खांब उभा करतं. त्याच्या टोकाला वाळक्या काटक्यांची टोपली असते. गडी खालून पेटते पलिते भिरकावतात. खांबाला चार बाजूंनी चौघांनी दोर ताणून धरायचे, आणि टोपली नीट पेटली की ते सोडून खांब नदीकडे पाडायचा. तोवर दोर धरणाऱ्याने जागचं हलायचं नाही, डोक्यावर निखारे पडले तरी नाही. एकाचाही दोर आधी सुटला तर तोल जाऊन जळता खांब माणसांवर येतो.

म्हणून मला भिजवायचं. रीत अशी, की घरच्या बाईने नदीचं पाणी आणून दारातच अंगरख्यावर ओतायचं आणि माणसाने निथळत घर सोडायचं. मित्सुए तीन बादल्या ओतायची. शेवटची ओतताना माझा गळा थोपटून म्हणायची, "पी बाबा, पोटभर पी. माझा माणूस तुझ्या हवाली केलाय." अशी चौतीस वर्षं गेली. लोक म्हणायचे, तोकुजीचा अंगरखा म्हणजे ढाल आहे. ढाल कसली डोंबलाची! प्रत्येक ठिणगीला माझी पाचावर धारण बसायची. ओला होतो म्हणून निभावलं, एवढंच.

मग एका हिवाळ्यात मित्सुए आजारी पडली. माझा उजवा खांदा ठिणग्यांनी विरला होता. अंथरुणात बसून तिने त्यावर पांढऱ्या खडूने रेघा मारल्या, कुठे कुठे टाका घालायचा त्या. सुई ओवायच्या आत ती गेली.

तोकुजीने मला कपाटात ठेवलं. कसर लागू नये म्हणून खिशात कापराच्या वड्या घातल्या. अधूनमधून बाहेर काढायचा, त्या रेघांवरून बोट फिरवायचा, तेही न टेकवता. खडू पुसला जाईल ना! मी मनात म्हटलं, चला, सुटलो आगीतून. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

उन्हाळा आला. मुलगी चिहारू नागोयाहून चार दिवसांसाठी आली होती. खांबाच्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, यंदा दुसऱ्या कुणाला धरू द्या की दोर."

"तुझी आई जायची आहे त्या उजेडात. तिला वाट दाखवायला परका माणूस उभा करू?"

"मग अंगरखा द्या. मी भिजवते."

"भिजवला केव्हाच. तू हो पुढे आणि जागा धर. नाहीतर बसशील लोकांच्या पाठी बघत."

भिजवला? कुठे भिजवला? पाण्याचा थेंब माझ्या अंगाला लागला नव्हता. मित्सुएच्या रेघा जातील म्हणून तोकुजीने मला तसाच चढवला, आणि खिशातल्या वड्या तशाच राहिल्या. कापूर, मित्रांनो! त्याचा गुण तुम्हाला मी काय सांगायचा. मला ओरडायचं होतं, पण देवाने अंगरख्याला गळा दिला तो नुसता घालण्यापुरता.

मैदान माणसांनी फुललं होतं. लोक चटया टाकून भाजलेली कणसं खात होते, पोरं पंखे हलवत होती. त्या हसण्याखिदळण्यात मी एकटा थरथरत होतो. पलिते उडायला लागले. पहिले विसेक हुकले आणि प्रत्येक हुकला तसा माझा जीव भांड्यात पडला. मग एक थेट टोपलीत बसला.

ज्वाळा उठली. लोकांनी टाळ्या पिटल्या. दोर धरणाऱ्या बाकीच्या तिघांच्या अंगातून वाफा निघू लागल्या. ओलं कापड आगीजवळ वाफाळतंच. माझ्यातून मात्र काही निघेना. आणि नेमका एक निखारा माझ्या उजव्या खांद्यावर येऊन बसला. धूर निघाला. तोकुजीने दात आवळले, पण दोर सोडला नाही. नदीच्या उलट बाजूला सगळं गाव बसलेलं, तो सोडणार कसा? ठिणगी धाग्याधाग्याने खाली खिशाकडे सरकत होती. मी माझा प्रत्येक टाका आवळून धरला. आता संपलं, एवढंच मला कळत होतं.

पण चिहारूने पाहिलं होतं. सगळ्यांना वाफ आहे, बाबांना नाही. तिने हातातलं कणीस टाकलं, आग विझवायला भरून ठेवलेली बादली उचलली आणि लोकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून आत आली.

"ए पोरी, बायकांनी आत यायचं नाही," कुणी म्हातारा म्हणाला.

"मग तुम्ही ओता, काका," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

पाणी अंगावर पडलं आणि मी इतक्या वर्षांत प्यायलो नव्हतो तसा घटाघटा प्यायलो. थोड्या वेळाने तोकुजीने दोर सोडला आणि खांब जिथे पडायचा तिथेच, नदीत पडला.

नंतर काठावर बसून चिहारूने माझ्या खिशात हात घातला. ओल्या वड्या तळहातावर घेऊन तिने त्या बाबांपुढे धरल्या. "बाबा, तुम्हालाही आईबरोबर जायचं होतं का?"

तोकुजीने माझ्या खांद्यावरच्या जळक्या भोकाभोवती बोट फिरवलं. त्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तेव्हा, आगीत असताना नाही.

"रेघा पुसल्या असत्या गं," शेवटी तो म्हणाला. "तिच्या हातच्या होत्या."

"आईने त्या टाके घालायला मारल्या होत्या. बघत बसायला नाही."

दुसऱ्या दिवशी तोकुजीने चष्मा लावून सुई ओवली. जळलेल्या भोकावर त्याने जन्मात पहिल्यांदा टाके घातले. इतके वेडेवाकडे, की मित्सुएने बघितले असते तर उसवायलाच घेतले असते. पण घट्ट आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाच्या आठवणीचं काहीतरी कापूर घालून ठेवलेलं असेल. तेवढं एक करा, त्याला बाहेर काढा. वापरा, भिजवा, फाटलं तर शिवा. नुसतं जपलेलं कापड फार लवकर पेट घेतं.

आज परत ती संध्याकाळ आहे. मी तोकुजीच्या अंगावर निथळतोय आणि भ्यालोय, सवयच आहे. पण दारात चिहारू तिसरी बादली उचलतेय, आणि तोकुजी तिला सांगतोय, "नुसती ओतू नकोस. त्याला आधी म्हणावं लागतं, पी बाबा, पोटभर पी."