ताटातलं नाव

भारतीय कॉन्सुलेटच्या खुर्चीवर पुरुषोत्तमला बसवत नव्हतं. बसला की उठायचा, उठला की खिडकीशी जायचा आणि तिथूनही परत यायचा. एडिंबराचं हे एक होतं. शहर एवढंसं, पण एखाद्या साध्या घराच्या दाराकडे बघावं तर तिथे कुठल्यातरी परक्या देशाची पाटी आणि वर झेंडा. सकाळी घाईत तो भलत्याच देशाच्या वकिलातीची घंटा वाजवून आला होता. तिथल्या बाईने दारातूनच रस्ता दाखवला आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून आवाज हळू केला. पिशवीत काय आहे ते तिला कसं कळलं, देव जाणे.

"बाबा, बसा ना," वैभवी म्हणाली. "पिशवी माझ्याकडे द्या."

त्याने दिली नाही. पिशवीत त्याच्या बायकोच्या अस्थी होत्या.

वैभवी ही त्यांची एकुलती एक मुलगी, जन्म इथलाच. उद्याच्या विमानाने दोघं अस्थी घेऊन वाईला निघणार होते. तिथे बायकोचा थोरला भाऊ होता, दीनानाथ. सोमवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, की मला आत नेतील त्याच्या आधी तिला कृष्णेत सोडू, पुढचं कुणी बघितलंय. अस्थी न्यायला हरकत नाही असा कॉन्सुलेटचा कागद मिळाला की काम झालं. पण आज शुक्रवार होता आणि दुपार कलायला लागली होती.

काउंटरवरच्या मॅडमनी बोलावलं. बाई तमिळ होत्या, हिंदी जपून बोलायच्या. त्यांनी पासपोर्ट आणि मृत्यूचा दाखला शेजारीशेजारी ठेवले आणि विचारलं, यातली तुमची पत्नी कोणती?

पुरुषोत्तमला आधी प्रश्नच कळेना. मग दिसलं. पासपोर्टवर नंदा. दाखल्यावर मधुमती.

शाळेच्या दाखल्यावर नंदा होतं म्हणून पासपोर्ट त्याच नावाने निघाला होता. पण इथे आल्यावर डॉक्टरकडे, लायब्ररीत, शेजारीपाजारी पुरुषोत्तमने सांगितलं ते लग्नातलं नाव. ती गेल्यावर रजिस्ट्रारने विचारलं तेव्हाही तोंडातून तेच आलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत. त्याने मधुमती लिहिलं. हे नाव आवडतं का, असं त्या काळी कुणी नवरीला विचारत नसे. त्यानेही विचारलं नव्हतं.

हे सगळं त्याने मॅडमना सांगितलं, पण हिंदीत सांगताना त्याचं त्यालाच ते खोटं वाटायला लागलं.

"आईचा नाव नंदा होता?" वैभवीने विचारलं. तिचं मराठी असंच. "मला कधी कोणी सांगितला नाही."

पुरुषोत्तम पुन्हा खिडकीशी गेला.

मॅडम आत साहेबांना विचारून आल्या. दाखला दुरुस्त करून आणायचा तर वेळ लागेल. नाहीतर दोन्ही नावांची बाई एकच, असं तिच्या माहेरच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणी समोर येऊन सांगितलं, आणि पुरुषोत्तमने तसं प्रतिज्ञापत्र दिलं, तर आजच बघू. फोनवर चेहरा दिसला तरी चालेल.

वैभवीने फोन लावला. मफलर गुंडाळलेला दीनानाथ पडद्यावर आला. मधुमतीला ओळखता का, असं मॅडमनी त्याला विचारलं.

"कौन मधुमती?" दीनानाथ म्हणाला. "हमारे इधर मधुमती कोई नहीं."

पुरुषोत्तमने फोन जवळजवळ हिसकावलाच. "दीनानाथराव, हे काय? उद्याचं विमान आहे."

"मग खोटं बोलू? आमच्या घरून नंदा गेली. राखी नंदाची यायची. मधुमती तुमच्याकडची, मी तिला ओळखत नाही."

"अहो, मी ताटात लिहिलं होतं."

"तांदळावर लिहिलं होतं. ते तांदूळ आम्ही दोन दिवसांनी शिजवून खाल्ले, पुरुषोत्तमराव."

वैभवीने तोंडावर हात धरला. पुरुषोत्तमने रागाने काही बोलावं तर समोरचा माणूस सोमवारी टेबलावर जाणार होता, आणि बोलत होता त्यात खोटं काहीच नव्हतं.

"ताट कोणी धरलं होतं?" शेवटी त्याने विचारलं.

पडद्यावर दीनानाथने मफलर सैल केला.

"मी," तो म्हणाला. "पितळेचं होतं, जड. माझे हात भरून आले आणि तुम्ही धुचा उकार पहिला की दुसरा यावर अडलेले. नंदाला हसू आवरेना. भटजी ओरडले तिला."

"हे मॅडमना सांगा."

दीनानाथने मोडक्या हिंदीत ताट सांगितलं, अंगठी सांगितली, उकारही सांगितला. मॅडमना उकार कळला नसावा, पण त्यांनी मधे थांबवलं नाही. मग त्या कागद करायला बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, दोन्ही नावं घालते, आधी कोणतं लिहू?

"नंदा," पुरुषोत्तम म्हणाला. ते नाव तोंडात बसेना. परक्याच्या बायकोला हाक मारल्यासारखं वाटलं. "आधी नंदा. मग ऊर्फ."

कागद हातात आला तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. ट्रामच्या थांब्यावर त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, परत घेतली. पूर्ण संसारात त्याने तिला मधुमती म्हणून हाक मारलीच नव्हती. ते नाव लोकांना सांगायचं होतं. आणि नंदा त्याची नव्हती.

ट्राम आली, दारं उघडली. वैभवी चढली आणि वळून बघू लागली. पुरुषोत्तमने पिशवी पोटाशी धरली.

"अगं, चल," तो पिशवीकडे बघून हळूच म्हणाला, नेहमीसारखं, आणि चढला.