ठीक नाही म्हणायची तालीम

संध्याचा नवरा वाल्मीक हवालदार होऊन फौजेतून परत आला, तेव्हा पिंपळगावच्या लोकांनी त्याला हायवेपासून घरापर्यंत ढोल वाजवत आणलं होतं. त्या ढोलांमध्ये चालताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. लोकांना वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

तो शीण काही उतरला नाही. वाल्मीक द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागला, पण कुणी रिकामं क्रेट जमिनीवर आपटलं की हा भिंतीला पाठ लावून उभा. बरोबरचे लोक हसायचे. झोपेत तो हिंदीत कुणाला तरी हाका मारायचा आणि उठल्यावर विचारलं तर म्हणायचा, "काय नाय, झोप तू." हळूहळू त्यानं काम सोडलं, लग्नकार्याला जाणं सोडलं, दिवसाउजेडी गल्लीतून चालणंसुद्धा सोडलं. वाल्मीकचं डोकं सरकलंय, अशी कुजबुज संध्याच्या कानावर यायला लागली. तिनं ती घरात कुणाला सांगितली नाही. त्याला मात्र नाशिकला मनाच्या डॉक्टरकडे नेलंच.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हे यांना लष्करात असताना झालंय. अपंगत्व पेन्शनचा हक्क आहे यांचा. मागून बघा."

सैनिकांची कामं करणाऱ्या कार्यालयात शेखर नावाचे निवृत्त सुभेदार बसायचे. ढेरपोट्या, मोठ्यानं हसणारा माणूस. त्यांनी सगळे कागद जमवून दिले. वाल्मीक लष्कराच्या मेडिकल बोर्डापुढे जाऊन आला आणि काही महिन्यांनी अर्ज फेटाळल्याचं कळलं.

"आजार नोकरीमुळे नाही, असं म्हणतायत," सुभेदार म्हणाले. "आणि खाली लिहिलंय, रुग्णाची काहीच तक्रार नाही. वाल्मीक, तू आत काय बोललास?"

"डॉक्टरांनी विचारलं, कसे आहात. मी म्हणालो, एकदम ठीक, सर!"

सुभेदारांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, ती काय परेड होती का?"

"सवय आहे, साहेब. समोर अधिकारी दिसला की तोंडातून तेच निघतं."

सुभेदारांनी अपील टाकलं. पुन्हा बोर्डाचं बोलावणं आलं. "वहिनी," ते सांगायला घरी आले तेव्हा सुभेदार संध्याला म्हणाले, "या गड्याला ठीक नाही म्हणायला शिकवा. बाकीचं मी बघतो."

मग घरी तालीम सुरू झाली. ओट्यावर खुर्ची मांडून संध्या डॉक्टर झाली.

"बोला हवालदार, कसं वाटतंय?"

वाल्मीक ताठ झाला, टाचा जुळल्या. "एकदम ठीक!"

"अहो!"

"बरं, पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. संध्यानं आवाज बदलून बघितला, त्याला बसवून बघितलं, पाठमोरं उभं करून बघितलं. टाचा काही ऐकेनात. वाल्मीकची आई कुसाबाई शेंगा फोडत हा खेळ बघत होती. शेवटी तिनं सूप बाजूला सारलं, चष्मा नाकावर चढवला आणि संध्याला खुर्चीवरून उठवलं.

"सरक. मी डाक्टर. काय होतंय रं तुला?"

"बरं हाय, आई."

"मी आई नाय. डाक्टर हाय. नीट सांग, नायतर सुई टोचीन."

वाल्मीक हसला. संध्या त्याच्याकडे बघतच राहिली, कारण हे हसू तिनं किती दिवसांत पाहिलं नव्हतं. हसता हसता तो खाली बसला आणि म्हणाला, "झोप लागत नाय, डाक्टर. डोळा लागला की दचकून जाग येती."

"आणिक?"

"आणिक लोकांत गेलं की छाती धडधडती. लय लाज वाटती."

 कुसाबाई पदरानं चष्मा पुसून म्हणाली, "लाजायचं कशाला? डाक्टर घरचाच हाय." त्यानंतर रोज जेवणं झाली की हा दवाखाना भरायला लागला. कुसाबाई डॉक्टरकीत चांगलीच रमली. दोन्ही गुडघ्यांना हळद लाव, असा सल्लाही ती शेवटी देऊन टाकायची.

बोर्डाच्या दिवशी दोघं एसटीनं निघाली. नाशिकच्या द्वारका चौकात गाडी हॉर्नच्या कल्लोळात अडकली, तेव्हा वाल्मीकनं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. संध्या हळूच म्हणाली, "आता कसं वाटतंय?"

"ठीक नाही," तो चटकन म्हणाला.

"शाब्बास!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की कंडक्टरनं वळून पाहिलं.

लष्कराच्या दवाखान्यात वाल्मीकचं नाव पुकारलं गेलं. तो आत गेला आणि पाणी पिऊन होईस्तोवर बाहेरही आला. संध्या ताडकन उठली.

"काय म्हणालात?"

वाल्मीकनं मान खाली घातली. "एकदम ठीक."

संध्याला रडू यायला हवं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नाकावर चष्मा चढवलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या आणि तिला हसू फुटलं. ते आवरेना. तोंडाला पदर लावून ती बाकावर वाकून हसायला लागली. वाल्मीकनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग त्यालाही राहवलं नाही. दोघं हसून हसून लालबुंद झाली. नंबर लावून बसलेली अख्खी ओळ त्यांच्याकडे बघत होती.

डोळे पुसत वाल्मीक उठला. "चल माझ्याबरोबर," म्हणत त्यानं संध्याचा हात धरला आणि दारावर टकटक केली.

आत कर्नल हुद्द्याच्या डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"मॅडम, मघाशी खोटं बोललो," वाल्मीक म्हणाला. त्याच्या टाचा अजून जुळलेल्याच होत्या. "मी ठीक नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा, हवालदार. तुम्हीही बसा, ताई. दारातून परत येऊन हे सांगणारे तुम्ही पहिलेच नाही. आता सावकाश सांगा. मला घाई नाही."

आणि वाल्मीक बोलला. काश्मीरमधला घाटाचा रस्ता, गाड्यांची रांग, त्याच्याकडे वायरलेस. पुढची गाडी वळणाआड गेली आणि स्फोटानं डोंगर हादरला. समोर धुराशिवाय काही दिसेना. तो वायरलेसवर त्या गाडीला हाका मारत राहिला. कुणीतरी त्याच्या कानावरून हेडफोन ओढून काढले, तोवर तो हाका मारतच होता. "जवाब दो, जवाब दो, म्हणत होतो, मॅडम. आत आमची माणसं होती. अजून कुणी जवाब दिला नाही."

 झोपेतल्या त्या हिंदी हाका कुणासाठी असतात, ते संध्याला आत्ता कळलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बोलणं संपेपर्यंत तो तिथेच राहू दिला. मॅडमनी बरंच विचारलं, बरंच लिहून घेतलं. बाहेर पडल्यावर वाल्मीक म्हणाला, "भूक लागली गं." दोघांनी मिसळ खाल्ली, आणि त्यानं वरून रस्सा मागून घेतला.

निकालाला वेळ लागला. तेवढ्या काळात गोळ्या बदलल्या, दवाखान्यातल्या भेटी सुरू झाल्या, वाल्मीकला सलग झोप यायला लागली. घरच्या थोड्याशा बागेत द्राक्षांच्या घडांची विरळणी चालू होती, तेव्हा सुभेदारांचा फोन आला. ते इतक्या मोठ्यानं ओरडत होते की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"मंजूर! स्वच्छ लिहिलंय, आजार लष्करी सेवेमुळे. ऐकतोयस ना? सेवेमुळे!"

वाल्मीक वेलीखाली मटकन बसला आणि कात्री बाजूला ठेवून त्यानं तोंडावरून हात फिरवला. कुसाबाई लगबगीनं जवळ आली.

"म्हंजी काय झालं? तुझं डोकं सरकलं नव्हतं?"

म्हणजे ती कुजबुज सासूबाईंनीही ऐकली होती आणि एवढे दिवस पोटात ठेवली होती, हे संध्याच्या ध्यानात आलं.

"नाय, आई," वाल्मीक म्हणाला. "मला लागलं होतं. फक्त दिसत नव्हतं."

कुसाबाईनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून कुरवाळलं. मग घरी जाऊन ताटात गूळ फोडला आणि निघाली. गल्लीतल्या प्रत्येक दारात तिचा आवाज घुमायला लागला, "माझ्या लेकाला लढाईत लागलं होतं बरं का! आता बरा व्हतोय. घ्या, गूळ खा!" जिथं कुजबुज जास्त झाली होती, तिथं ती मोठा खडा देत होती आणि तो तोंडात जाईपर्यंत हलत नव्हती.

ओट्यावर संध्या आणि वाल्मीक ते ऐकत होते. ऊन चांगलं वर आलं होतं, गल्लीत वर्दळ होती.

"दमंल ती," वाल्मीक म्हणाला. त्यानं चपला पायात सरकवल्या, पायरी उतरला आणि भर गल्लीतून आईच्या मागे चालत जाऊन तिच्या हातातलं ताट आपल्या हातात घेतलं.